जेम्स कोर्टचं घर आणि इंदूरची दिवाळी: पॅट्रिक व अ‍ॅना गेडिस यांच्या घरदुरुस्तीची गोष्ट

इंदूरच्या इतिहासात रस असलेल्या माणसाला पॅट्रिक गेडिस हे नाव दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे 1918 साली होळकर दरबाराला सादर झालेला त्यांचा दोन खंडांचा नगररचना अहवाल. दुसरं म्हणजे ती प्रसिद्ध दिवाळीची मिरवणूक, जिच्यात प्लेगचा उंदीर राक्षसासारखा मिरवला आणि शेवटी जाळला. या दोन गोष्टींच्या तीस वर्षं आधीची एक गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. एडिनबर्गच्या एका पडक्या, गलिच्छ चाळीत गेडिस आणि त्यांची पत्नी अ‍ॅना स्वतः राहायला गेले आणि शेजाऱ्यांना, मित्रांना, विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी ती जागा पुन्हा राहण्यालायक केली.

मी पेशाने स्थापत्य अभियंता. गेडिसांच्या अहवालात आम्हा इंजिनिअर लोकांना बऱ्याच कानपिचक्या आहेत, म्हणून कुतूहलाने तो वाचायला घेतला. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की अहवालातली निम्मी मतं ही पुस्तकातून आलेली नाहीत, चुन्याची बादली हातात धरलेल्या माणसाची आहेत. ती बादली धरणारे हात दोन नव्हते, चार होते. या लेखात मुख्यतः तेच मांडायचं आहे.

हे दोघे कोण

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 1854चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. वडील सैन्यातून निवृत्त झालेले आणि फ्री चर्चमधले मानाचे गृहस्थ. मुलगा पर्थ गावाबाहेरच्या बागेच्या घरात वाढला. शाळा संपल्यावर काही काळ बँकेत नोकरी केली, पण मन रमलं नाही. त्यानंतर त्यांनी एका सुताराच्या कारखान्यात लाकूडकाम शिकलं. पुढे लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले आणि एडिनबर्ग विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विभागात लागले. थोडक्यात, रंधा आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही हाताळलेला हा माणूस. स्थापत्याची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

अ‍ॅना मॉर्टन या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या कन्या. संगीताचं शिक्षण त्यांनी जर्मनीत, ड्रेस्डेन इथे घेतलं. लिव्हरपूलला कामकरी मुलींसाठी चालणाऱ्या मंडळात त्या काम करत. म्हणजे गरिबांच्या वस्तीत जाणं, तिथल्या बायकांशी बोलणं ही गोष्ट त्यांना लग्नानंतर नवऱ्याने शिकवलेली नाही, ती त्यांनी माहेरून आणलेली होती. एप्रिल 1886 मध्ये दोघांचं लग्न झालं.

जुनं एडिनबर्ग

एडिनबर्गचे तेव्हा दोन भाग होते, आजही आहेत. किल्ल्यापासून पूर्वेकडे उतरणाऱ्या डोंगरकण्यावर जुनं शहर: अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दगडी उंच इमारती, एकाच जिन्यावर अनेक बिऱ्हाडं. आपल्या चाळीची दगडी, उभी आवृत्ती म्हणा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला आखीव रस्त्यांचं नवं शहर वसलं आणि पैसेवाले तिकडे गेले. मागे राहिलेली घरं खोलीखोलीने भाड्याने गेली. दुरुस्ती कोणी करेना.

1861 साली हाय स्ट्रीटवरची अशीच एक इमारत मध्यरात्री कोसळली आणि 35 माणसं दगावली. त्यानंतर शहराने आरोग्य अधिकारी नेमला, अहवाल आले, आणि 1867 मध्ये सुधारणेचा कायदा झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुधारणेचा अर्थ मुख्यतः पाडकाम असा होता. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे. पाडलेल्या घरातली माणसं शेजारच्या बोळात जाऊन तिथली गर्दी वाढवत.

या जुन्या शहरात लॉनमार्केट भागात जेम्स कोर्ट नावाचं आवार आहे. 1720च्या दशकात बांधलेलं. एकेकाळी फार प्रतिष्ठित जागा, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आणि लेखक जेम्स बॉझवेल इथे राहत. शंभर वर्षांनी तिथेही भाडेकरूंची दाटी, तुंबलेली गटारं आणि कचऱ्याचे ढीग.

बिऱ्हाड हलवलं

गेडिस तोवर नव्या शहराच्या बाजूला, किल्ला समोर दिसेल अशा चांगल्या घरात राहत होते. लग्नानंतर वर्षाच्या आतबाहेर या जोडप्याने ते घर सोडलं आणि जेम्स कोर्टमध्ये बिऱ्हाड नेलं. थोरली मुलगी नोरा 1887चीच. म्हणजे घरात तान्हं मूल येण्याच्या सुमारास, चांगल्या वस्तीतून वाईट वस्तीत जाण्याचा हा निर्णय. आपल्याकडच्या कुठल्या सासू-आईने याला काय म्हटलं असतं याची कल्पना करता येते!

लागून असलेली तीन लहान बिऱ्हाडं एकत्र करून त्यांनी एक घर केलं. आता हे वाक्य लिहायला सोपं आहे. दगडी भारवाही भिंतीच्या इमारतीत दोन बिऱ्हाडांच्या मधली भिंत उघडायची म्हणजे काय, हे बांधकामातल्या माणसाला विचारा. वरच्या मजल्यांचा भार कुठून खाली येतो हे आधी शोधावं लागतं. जुनं दार बुजवलेलं असेल तर तिथूनच वाट काढणं शहाणपणाचं. नवं भोक पाडायचं तर आधी टेकू, मग वर आडवा दगड किंवा तुळई, आणि मग खालचं दगडकाम काढायचं. इमारतीचं म्हणणं ऐकूनच हे काम करावं लागतं, कागदावर रेघ मारून होत नाही. गेडिसांच्या पुढच्या सगळ्या नगररचनेचा स्वभाव इथे दिसतो: आधी काय उभं आहे ते बघा, त्यातलं काय टिकतं ते ठरवा, मग कमीत कमी तोडा.

घरातलं काम झालं तशी मंडळी आवारात उतरली. झाडलोट, ढीग उपसणं, भिंतींना सफेदी आणि रंग, खिडक्यांत फुलांच्या पेट्या. शेजारी आधी बघत होते, मग हाताला हात लावू लागले. चुन्याच्या सफेदीला आज आपण हलकं समजतो, पण ताज्या चुन्यात किडे-जंतू मारायची ताकद असते आणि अंधाऱ्या बोळात ती उजेड दुप्पट करते. स्वस्त, कोणालाही जमणारं, आणि संध्याकाळी फरक डोळ्यांना दिसणारं काम. असं काम पहिलं निवडलं म्हणून शेजारी आले. गटाराच्या नकाशापासून सुरुवात केली असती तर कोणी आलं नसतं.

या सगळ्यात अ‍ॅनाबाईंचा वाटा किती? गेडिस हे बोलके, कल्पनांनी उसळणारे, एक काम अर्धं असताना दुसरं सुरू करणारे गृहस्थ होते, असं त्यांचे सगळेच चरित्रकार सांगतात. घरखर्च, पाहुणे, विद्यार्थी, हिशेब आणि शेजारणींशी रोजचा संबंध हे अ‍ॅनाबाई सांभाळत. घराचं दार सगळ्यांना उघडं ठेवायचं ठरवणं एकाचं असतं, आणि ते दार उघडल्यावर आत आलेल्यांसाठी चहा ठेवणं दुसऱ्याचं. जेम्स कोर्टचं घर चाललं ते या दुसऱ्या कामामुळे.

मित्रमंडळ आणि पैसा

हे एकट्या जोडप्याचं साहस नव्हतं. 1885 मध्येच एडिनबर्ग सोशल युनियन नावाची संस्था स्थापन झाली होती आणि गेडिस तिच्या संस्थापकांपैकी होते. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी गरिबांच्या घरांची देखभाल आणि भाडेवसुली जशी माणुसकीने चालवली, तसंच एडिनबर्गला करायचं ही कल्पना. घरं नीट ठेवायची, सभागृहांच्या भिंती चित्रांनी सजवायच्या, खिडक्यांत फुलं लावायला उत्तेजन द्यायचं, असे तिचे उद्योग.

1887 मध्ये गेडिसांनी विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी हॉल सुरू केला. जुन्या शहरातल्याच दुरुस्त केलेल्या घरांत विद्यार्थी राहणार आणि आपला कारभार आपणच बघणार. पुढे शेजारच्या रिडल्स कोर्टची जुनी वास्तूही अशीच दुरुस्त झाली. तिच्यावर 'जगता जगता आपण शिकतो' अशा अर्थाचं लॅटिन वचन कोरलेलं आहे. 1890च्या दशकात किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्झी गार्डन उभं राहिलं आणि गेडिस कुटुंब तिथे राहायला गेलं.

पैशाची बाजू मात्र नेहमी लंगडी. मिळकतीपेक्षा खर्च मोठा. स्वतःचा पैसा घातला, कर्जं काढली, आणि घरं वाढत गेली तशी काळजीही वाढत गेली. इथे मित्र उपयोगी पडले. जेम्स मार्टिन व्हाइट या श्रीमंत मित्राने डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी देणगी दिली. 1888 पासून गेडिस तिथे वर्षातून फक्त एक उन्हाळी सत्र शिकवत आणि उरलेला वेळ मोकळा. मग 1896 मध्ये हितचिंतकांनी मिळून टाउन अँड गाऊन असोसिएशन नावाची कंपनी काढली आणि या सगळ्या मालमत्तेचा भार तिच्याकडे घेतला.

घर बांधणाऱ्या कुठल्याही मध्यमवर्गीय जोडप्याची कहाणी याहून वेगळी नसते. सुरुवात हौसेने, मध्यावर कर्ज, आणि शेवटी चार मित्र येऊन हातभार लावतात तेव्हा छप्पर पडतं.

श्रद्धा कशावर होती?

बाप चर्चमधला, घरात रोज प्रार्थना, पण गेडिस मोठेपणी रूढ अर्थाने धार्मिक राहिले नाहीत. तरी त्यांच्या वागण्यात श्रद्धाळू माणसाची चिकाटी होती. जीवशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा विश्वास असा, की जिवंत गोष्ट जखमी झाली तरी आतून भरून येते, आपण फक्त तिला जागा आणि उजेड द्यायचा. शहरही त्यांना असंच जिवंत वाटायचं. आणि दुसरा विश्वास माणसांवर: शेजाऱ्याला आपण करताना पाहिलं की तो करतो.

म्हणूनच भारतात आल्यावर आपले सण, आपली घरातली रीत त्यांना मागासलेपणाची वाटली नाही. अंगणातलं तुळशीवृंदावन पाहून ते लिहितात, की हे नीट राखलेल्या घराचं चिन्ह आहे. तुळस जिथे रोज पाणी पिते तिथे अंगण झाडलेलं असतं, सारवलेलं असतं आणि घरातल्या बाईचं लक्ष असतं. जेम्स कोर्टच्या खिडकीतल्या फुलांच्या पेटीपासून हे फार लांब नाही.

भारत, आणि 1917 साल

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून गेडिस 1914 मध्ये भारतात आले. त्यांचं शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. मित्रांनी घाईघाईने दुसरं साहित्य जमवून पाठवलं आणि मद्रासचं प्रदर्शन पार पडलं. इथेही मित्रच! त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी भारतातल्या अनेक शहरांवर अहवाल लिहिले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यावरचा अहवाल 1916चा.

अ‍ॅनाबाई या प्रवासांत त्यांच्याबरोबर येत, काम सांभाळत. 1917 मध्ये त्या भारतात आजारी पडल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ती बातमी आजारी आईला सांगितलीच नाही, मुलगा हयात असल्यासारखी त्याची जुनी पत्रं तिला वाचून दाखवली, असं चरित्रांत येतं. त्या उन्हाळ्यात अ‍ॅनाबाई गेल्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

आणि त्याच वर्षाच्या दिवाळीत हा माणूस इंदूरला होता, लोकांना आपापली घरं साफ करायला लावत होता.

इंदूरची दिवाळी

शहरात प्लेगची धास्ती. खान आणि सरस्वती नद्यांच्या काठचं जुनं इंदूर, राजवाड्याभोवतीची दाट वस्ती, धान्याचे साठे, आणि गल्लीबोळांत नकाशे घेऊन हिंडणारा गोरा साहेब. लोकांना वाटलं, हा घरं पाडायला आला आहे. ती भीती बिनबुडाची नव्हती. प्लेगच्या काळात सरकारी माणसं घरात घुसून काय करतात याचा अनुभव मुंबई-पुण्यापासून सगळ्यांच्या ओळखीचा होता.

गेडिसांनी दरबाराकडे एक दिवसाचं महाराजपद मागितलं, असं ते स्वतः सांगत. मग जाहीर केलं: यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर घरांची सफाई, दुरुस्ती आणि रंगरंगोटी सगळ्यांत चांगली होईल, त्या रस्त्यांवरून जाईल. कचरा उचलून नेण्याची फुकट सोय केली. सहा हजारांवर गाड्या कचरा घराघरांतून निघाला, असा त्या हकिगतीतला आकडा आहे.

मिरवणुकीत हत्ती-घोडे, लष्कर, सुगीचे देखावे आले. मग पडक्या घरांचे देखावे, अस्वच्छतेचा अक्राळविक्राळ राक्षस, आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यामागून शहराचे सफाई कामगार, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलं लावून, सजवलेल्या बैलगाड्यांसह. मानाची जागा त्यांची. नंतर नव्या इंदूरची लक्ष्मी, मग गवंडी, सुतार आणि इतर कारागीर, आणि लोकांना वाटायला तुळशीची रोपं. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचं दहन.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर ही योजना साधी आणि हिशेबी आहे. प्लेगचा पिसू उंदरावर, उंदीर अडगळीत आणि धान्याच्या कोपऱ्यात. प्रत्येक घरातली अडगळ सरकारने काढायची म्हटलं तर कितीही माणसं पुरणार नाहीत. घरच्यांनी काढली तर चार दिवसांत निघते, कारण दिवाळीला ती तशीही काढायचीच असते. गेडिसांनी नवी सवय शिकवली नाही. घरातल्या बायका दर वर्षी करत आलेल्या कामाला त्यांनी शहराचं काम म्हणून मान दिला. हे सुचायला आधी स्वतःच्या घराची भिंत रंगवलेली असावी लागते, आणि ती रंगवून घेणारी बायको घरात असावी लागते.

अहवालात काय उतरलं

1918च्या इंदूर अहवालात जेम्स कोर्टच्या खुणा जागोजागी आहेत. दाट वस्ती सरसकट पाडायला त्यांचा विरोध. त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे जपून केलेली शस्त्रक्रिया: अगदी मोडकळीला आलेलं एखादं घर काढायचं, तिथे छोटा चौक मोकळा करायचा, झाड लावायचं, गल्लीची वाट थोडी सरळ करायची, बाकीची घरं मालकांनी दुरुस्त करायची. गिरणी कामगारांसाठी नुसत्या खोल्यांच्या रांगा नकोत, घरामागे झाड लावायला जागा हवी. नदी, विहिरी, तलाव बुजवू नका, साफ करा. आणि घर आखताना घरात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या सोयीने बघा.

1919 मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि त्यांच्यानंतर ती जागा मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. तिकडे एडिनबर्गला जेम्स कोर्टमध्ये जन्मापासून वाढलेली नोरा मोठी होऊन जुन्या शहरातले पडीक तुकडे शोधून त्यांत छोट्या बागा करत होती. आईवडिलांच्या घरदुरुस्तीचं काम मुलीने अंगणापर्यंत नेलं, असं म्हणता येईल.

इंदूरमध्ये या विचाराचं एक मोठं उदाहरण पुढे उभं राहिलं. 1980च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेने इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्य वसाहत आखली. गरीब कुटुंबाला जोतं, पाण्या-संडासाची सोय आणि फार तर एक खोली द्यायची, बाकीचं घर त्यांनी आपल्या ऐपतीने वाढवायचं. नवरा-बायको, भाऊबंद, ओळखीचा गवंडी असं मिळून तिथली घरं चढत गेली. 1995 मध्ये या वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला.

आपल्यासाठी

राजवाड्याच्या आसपासचे जुने मराठी वाडे आज झपाट्याने जात आहेत. काही रस्तारुंदीत दर्शनी भागापासून कापले गेले, काही वाटण्यांच्या भांडणात, काही नुसते दुरुस्तीवाचून. आपण त्यांची नोंद करतो तेव्हा कोणी बांधला, कुठल्या साली, किती चौकांचा, लाकडावर नक्षी कुठली, हे लिहितो. ते लिहायलाच हवं. पण वाडा दीडशे वर्षं उभा राहिला तो बांधणाऱ्याच्या नावामुळे नव्हे. दर पावसाळ्याआधी कौलं कोणी चाळली, दिवाळीला चुना कोणी कालवला, जमीन कोणी सारवली, मोडलेल्या तुळईला टेकू देण्यासाठी उसने पैसे कुठल्या शेजाऱ्याने दिले, हे सांगणारी माणसं अजून काही घरांत आहेत. त्यांतल्या बहुतेक बायका आहेत आणि त्या ऐंशीच्या पुढे आहेत.

गेडिसांचं नाव इंदूरच्या इतिहासात पक्कं आहे. अ‍ॅनाबाईंचं त्यात कुठेच नाही, आणि आपल्या वाड्यांतल्या बायकांचं तर आपणच अजून लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी कोणी वाड्याचं मोजमाप घ्यायला जाल तेव्हा टेप बाहेर काढण्याआधी माजघरात जाऊन बसा, आणि घरातल्या आजींना विचारा, की चुना कुठून आणायचात.